आबांची तीनशे पंधरा

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुटून आले आणि वर्षभरात त्यांनी रायफल घेतली. आई म्हणायची, सातारचा फौजी नवी मुंबईत दोनच कामं करतो: गेटवर उभा राहतो, नाहीतर बंदूक घेऊन गेटवर उभा राहतो. दुसऱ्या कामाला मान जास्त, पण त्याला परवाना आणि स्वतःची बंदूक लागते. आबांनी दुकानातली सगळ्यात स्वस्त नवी रायफल उचलली. सरकारी कारखान्यातली, तीनशे पंधरा बोअरची. एक गोळी झाडली की बोल्ट हातानं मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी. मूळची ही शिकारीची जात. शिकारीवर बंदी आली तशी ती राखणीला लागली.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. दस्त्याचं लाकूड फिकट, व्हार्निश कुठं दाट कुठं पातळ, आणि बोल्ट इतका घट्ट की ओढताना आबांच्या दंडाची शीर फुगायची. मी तिला सरळ डबडं म्हणायचे.

"डबडं न्हवं, पोरी," आबा म्हणायचे. "पावडर-लाली न्हाई, यवढंच. नळी बघ तिची."

नळीतलं मला काय कळणार? खाडीचं वारं लोखंडाला सोडत नाही, म्हणून दर रविवारी आबा नळीतून तेलाची चिंधी फिरवायचे आणि खांदेश्वरच्या आमच्या दोन खोल्यांत मटणाच्या वासाची पार वाट लागायची. आई भांडायची. आबा ऐकायचे आणि चिंधी फिरवत राहायचे.

फौजेत नेम धरण्याला 'शिस्त घेणं' म्हणतात. आमच्या घरात या शब्दाचा तोच अर्थ चालायचा. पहिलीत बाई म्हणाल्या, "शिस्तीत बसा," तेव्हा मी एक डोळा मिटून बसले होते. आबांना हे सांगितलं तर ते आठवडाभर हसत होते.

द्रोणागिरीच्या एका कंटेनर गोदामावर त्यांनी बरीच वर्षं काढली. त्यांची एजन्सी आपल्या बंदूकवाल्यांना वर्षातून एकदा तळोज्याच्या पलीकडे, डोंगरातल्या रेंजवर नेऊन गोळ्या झाडायला लावायची. आबा त्या दिवसाची वाट बघायचे. पण दोन-तीन वर्षांपूर्वी ते तिथून घरी आले तेच मान खाली घालून. पाचातली एकच गोळी कागदाला लागली होती, बाकीच्या मातीत. एजन्सीचे साहेब सभ्यपणे बोलले होते: पुढच्या महिन्यात परत या, तेव्हाही जमलं नाही तर काठीच्या गेटवर जा. आई गेल्यापासून आबांचं सगळं जगणं त्या गणवेशाभोवतीच होतं. काठीच्या गेटवर ते एक दिवससुद्धा तग धरणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

"आबा, रायफल गेली तुमची," मी म्हटलं. "एवढी वर्षं खारी हवा खाल्ली तिनं. लाकूड फुगलं असेल, नळी झिजली असेल. चांगली बाहेरच्या देशातली घेऊ."

"नाचता येईना अंगण वाकडं, आसं मी तुला सांगत आलो. आता मीच अंगनाला शिव्या दिऊ व्हय?" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मला मात्र मनापासून वाटत होतं की दोष रायफलीतच निघावा. बाप म्हातारा झाल्यापेक्षा रायफल म्हातारी झालेली परवडली असती.

पुढच्या महिन्यात मीच त्यांना गाडीनं रेंजवर नेलं. पुन्हा तेच झालं, गोळ्या चहूकडे. तिथल्या शिकवणाऱ्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. तोही जुना हवालदार. मी त्याला गाठलं. "उस्ताद, रायफल तपासा ना. स्वस्तातली आहे हो."

"टेन्शन नका घेऊ मॅडम, आत्ता कळंल."

त्यानं रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवली आणि सावकाश पाच गोळ्या झाडल्या. आम्ही कागदापाशी गेलो. पाचही भोकं एका वाटीखाली झाकता आली असती.

"कोन बोलला हिला खराब? एवढ्या जुन्या मालाची ग्रुपिंग बगा! एक नंबर हाय."

मी ती भोकं पुन्हा एकदा मोजली. आबांनी मात्र आधी रायफलीच्या दस्त्यावर थाप मारली, पोरगी पास झाल्यासारखी. मग हसू ओसरलं. "म्हंजी मीच," ते म्हणाले.

 उस्तादानं आपला तळवा आबांच्या डाव्या डोळ्यावर धरला. "दादा, आता तो कागद बगा. कसा दिसतो?"

"धुरकाट," आबा म्हणाले. "आन खालचा कोपरा... खालचा कोपरा कुटं गेला?"

हात काढला तर सगळं स्वच्छ. उजवा डोळा किती तरी दिवस विझत चालला होता आणि डावा त्याचं काम गुपचूप करत होता. आबा डावा डोळा मिटत, ते फक्त नेम धरताना. उस्ताद म्हणाला, "मॅडम, रायफल ऱ्हाऊ द्या. डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या यांना. आज न्या."

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत नजर खातो. उजव्यातलं गेलं ते परत येणार नव्हतं. डाव्यात नुकती सुरुवात होती. रोज थेंब घातले, तपासण्या चुकवल्या नाहीत, तर तो टिकवता येण्यासारखा होता. आणखी उशीर झाला असता तर त्याचीही खात्री देता आली नसती, असं त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन त्या रायफलीसमोर बसले. ती खरंच डबडं असती तर? उस्तादाच्या हातूनही गोळ्या विखुरल्या असत्या, आम्ही तिलाच शिव्या घातल्या असत्या, नवी घेतली असती, आणि आबा अंधारात गेले असते. ज्या कोणी ती घडवली त्यानं व्हार्निशमध्ये काटकसर केली, लाकडात केली, पण नळीत केली नाही. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी कसे फेडू?

एका डोळ्यावर बंदुकीची नोकरी होणार नव्हती, म्हणून रायफल पोलिसांची परवानगी घेऊन दुकानातूनच विकली. घेणारा नुकताच फौजेतून सुटलेला, आमच्याच सातारकडचा. "कशी मारती, आबा?" त्यानं विचारलं.

"ती बरुबर मारती," आबा म्हणाले. "मानूस बदलावा लागला."

परत येताना मी गाडी चालवत होते, म्हणजे त्यांच्या उजव्या बाजूला, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला. त्यामुळे मी बिनधास्त डोळे भरू दिले. आबांनी अख्खी मान वळवली.

"रडू नगंस," ते म्हणाले. "दिसतंय मला."