न्या बरं चोरून!

पूर्णा स्टेशनाबाहेरच्या त्या मिस्त्रीला 'काम झालं' असं तोंडानं सांगणं कमीपणाचं वाटे. चोरांनी मोडलेला माझ्या फटफटीचा चावीचा स्विच आणि हँडलचं कुलूप त्यानं पुन्हा बसवलं. एका किकेत इंजिन बोललं, तरी कुलपावर माझा भरवसा बसेना.

मग त्यानं इंजिन बंद केलं, हँडल एका अंगाला वळवून कुलूप लावलं, चावी टोपीत खोचली आणि समोरच्या धिप्पाड पैलवानाला हाक मारली, "पैलवान, न्या बरं चोरून!"

बघ्यांची गर्दी जमली. पैलवानानं सगळा जोर लावून फटफटी ढकलली. हँडल काही सरळ होईना. फटफटी गोल फिरून पुन्हा मिस्त्रीच्या पायाशीच आली.

बशीतल्या चहावरून नजर न उचलता मिस्त्री म्हणाला, "या, पैलवान! लय लवकर आलात की!"