अल्काताईंनी मेल अडवून धरले

मुर्री गावच्या अल्काताई मेश्राम गोंदियात राईस मिलवाल्यांच्या एका संघटनेच्या कचेरीत कामाला होत्या. मागच्या खोलीत लिनक्सचा एक सर्व्हर होता. मिलवाल्यांचे सगळे मेल आधी त्यात यायचे. व्हायरसचे आणि फसवणुकीचे तिथेच अडायचे, बाकीचे पुढे जायचे. ही गाळणी चालती ठेवणं हे ताईंचं काम. आता आपले तांदळाचे व्यापारी मेल लिहितात तोही ठगासारखाच: सगळी अक्षरं मोठी, अर्जंट, बेस्ट रेट, आजच पैसे पाठवा. गाळणी बिचारी काय ओळखणार? म्हणून ताईंनी स्वतः नियम लिहून ठेवले होते. मेलात कनकी, कोंडा, उसना असले तांदळाच्या धंद्यातले शब्द दिसले की माणूस आपला, जाऊ द्या.

२०१०च्या उन्हाळ्यात सूचना आली की व्हायरस पकडणाऱ्या पॅकेजच्या जुन्या आवृत्तीला नव्या व्हायरसांची माहिती मिळणं बंद होणार. अपडेट टाळून चालणार नव्हतं. ताईंची रीत अशी, की आधी एका जुन्या कॉम्प्युटरवर करून बघायचं, मग खऱ्या सर्व्हरवर. पण त्या जुन्याचा पॉवर सप्लाय कचेरीतल्या केवलराम बाबूने बिलांच्या कॉम्प्युटरसाठी काढून नेला होता, आणि न्या म्हणून ताईंनीच सांगितलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी विहारात वंदना करून त्या आल्या. सेटिंगच्या फाईलींची नक्कल वेगळी ठेवली, काय काय बदलणार ते वाचलं, बाहेरून येणारे मेल थांबवले आणि थेट खऱ्या सर्व्हरवरच अपडेट सुरू केलं. मध्ये विचारणा आली: नियमांची तुमची फाईल ठेवू, की नवी टाकू? ताईंनी आपली ठेवली. एवढी मेहनत कोण पुसून टाकेल? अपडेट पुरं झालं, आणि गाळणी काही सुरू होईना.

तेवढ्यात केवलराम आत डोकावला. "ताई, सेठजी येऊन राहिले. कलकत्त्याची ऑर्डर आज मेलवर येणार होती म्हणते. काऊन बंद करून ठेवलं?"

संघटनेचे अध्यक्ष ईश्वरदास सेठ त्याच्या मागेच होते. "अल्काबाई, ऑर्डर का मेल गुम हुआ तो मशीन नागपूरच्या कॉम्प्युटरवाल्यांना देऊन टाकीन. मग तुम्ही बसा घरी."

"गुम होत नाही, सेठजी. आपलं दार बंद दिसलं की पाठवणारी मशीन मेल स्वतःजवळ ठेवते. पुन्हा घेऊन येते."

"तो दरवाजा खोलो ना! गाळणी लावा नंतर."

खोलता आलं असतं. मग सगळे मेल न गाळता सरळ मिलांमध्ये गेले असते, आणि एखादा व्हायरस हिशेबाच्या कॉम्प्युटरांत शिरला असता. नोकरी जाऊ शकते हे ताईंना दिसत होतं. तरी त्या म्हणाल्या, "नाही खोलत."

सेठ खुर्ची ओढून बसले. ताईंनी मनात बुद्धाचं नाव घेतलं आणि सर्व्हरने नोंदवलेल्या चुका वाचायला घेतल्या. घोळ कनकीच्याच नियमात होता. तिथे शेवटची एक खूण द्यायची राहून गेली होती. जुनी आवृत्ती ते चालवून घ्यायची, नवी घेत नव्हती. खूण टाकली, तशी गाळणी सुरू झाली. मग त्यांनी चाचणीचा बिनधोक व्हायरस पाठवला. तो अडला. कनकीचा मेल पाठवला. तो गेला. तेव्हा कुठे त्यांनी बाहेरचे मेल येऊ दिले.

मेल भराभर आले. कलकत्त्याचा नव्हता.

"कुठे आहे?" सेठ म्हणाले.

"येईल. त्यांची मशीन कधी आणते, ते तिच्या हाती."

"तोपर्यंत मी इथंच बसतो."

"बसा. केवलराम, चहा सांगा सेठजींना."

"मले भी सांगतो एक," केवलराम म्हणाला. "भांडण पाहून घसा सुकला ना माह्या!"

चहा अर्ध्यावर आला तोवर मेल येऊन पडला. कलकत्त्याचाच होता. सेठनी वाकून वाचला, पुन्हा वाचला, कप खाली ठेवला.

"अगली बार बंद करणार तर आधी सांगायचं."

"काल सांगितलं होतं, सेठजी. तुम्ही हो म्हणाले होते."

"हो म्हटलं असेल," सेठ उठत म्हणाले, "पण बाई, जोर से बोलना था."