सुनीलच्या चार ओळी आणि माझं तत्त्व

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. हसणार आहातच, पण निदान हातातला चहा संपेपर्यंत थांबा.

जळगावला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या सरांनी मराठी आज्ञांची एक छोटी संगणकभाषा बनवली होती. नाव ‘पाटी’. गावात सायबर कॅफे नुकतेच निघालेले. सर म्हणाले, “पाटीची वेबसाइट करू. पहिल्या पानावर छोटी उदाहरणं हवीत. बघणारा म्हणाला पाहिजे, अरे, हे तर मलाही जमेल!”

मी पेटलोच! मराठीत प्रोग्रॅम म्हणजे क्रांती! चार दिवस खपून मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम लिहिला. छोटा म्हणजे किती छोटा? अडतीस ओळी. क्रांती काय चार ओळींत होते?

सुनीलची झाली.

हा जळगावजवळच्या असोद्याचा. घरची केळी. वर्गात शेवटच्या बाकावर. त्याचा प्रोग्रॅम विचारायचा, ‘बागेत ओळी किती?’ आकडा टाकला की पडद्यावर तारकांची केळीची बाग उभी! सर खुर्चीतून उठले. “वा रे पठ्ठे!” माझ्या अडतीस ओळी वाचताना ते चष्मा पुसत होते.

जळलो हो, अगदी आतून जळलो!

सर म्हणाले, “दोन्ही ठेवू, ज्याचं त्याचं वेगळं पान. प्रत्येक पानावर आकडा लावतो. पान उघडलं की एकाने वाढेल. महिन्याने ज्याचा आकडा मोठा, तोच पहिल्या पानावर राहील. दुसरा आत.”

आतल्या पानांवर कोण फिरकतं, सांगा बरं?

मी मनाशी ठरवलं, स्वतःचं पान उघडून आकडा फुगवायचा नाही. ती बेइमानी. तत्त्व म्हणजे तत्त्व! सुनीलचा आकडा मात्र बघायला काय हरकत? त्यासाठी त्याचं पान उघडावं लागे, म्हणून रोज स्टेशनजवळच्या कॅफेत जाऊन उघडत होतो.

सोमवारी नऊ. मंगळवारी चौदा. मी पुन्हा उघडून खात्री केली. पंधरा! परत उघडलं. सोळा! अहो, माझ्या डोळ्यांदेखत वाढतोय! हा माणूस नक्की कुठेतरी बसून बटण दाबतोय!

धुळ्याच्या मावसभावाला फोन लावला. “नाना, तुझ्याकडच्या कॅफेतून त्याचं पान बघ. तिथूनही वाढतंय का?”

संध्याकाळी नानाचा फोन. “भाऊ, लई जोरमा शे! मी धा येळा देखं, धाई येळा वाढनं. मन्हा दोस्तेसलेबी दखाडं. बठ्ठं धुळं तेच देखी राह्यनं!”

“अख्खं धुळं? मग रोज बघ,” मी ओरडलो. “पुरावा लागेल आपल्याला!”

महिना संपला. सुनील तीनशे बारा. मी अकरा. मी तणतणत सरांच्या खोलीत शिरलो. सुनीलही तिथेच बसलेला. बरं झालं, समोरासमोर होऊन जाऊ दे!

“सर, ही लबाडी आहे! एकच माणूस पुन्हा पुन्हा उघडतोय!”

“मलाही तोच संशय होता,” सर शांतपणे म्हणाले आणि त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. “पान कुठून उघडलं, त्याची नोंद राहते. बहुतेक सगळ्या वेळा दोनच ठिकाणांहून. एक आपल्या स्टेशनजवळचा कॅफे. दुसरा धुळ्याचा. सुनील, धुळ्याला कोण तुझं?”

“कोनीच नाही, सर. आन् म्या तं ते पान अजून पाह्यलंच नाही. महिनाभर केळीची कापनी होती.”

सरांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. “धुळ्याला तुझी मावशी असते ना रे?”

मी छताकडे पाहिलं. पंखा फार सुंदर फिरत होता.

सुनीलला राग यायला हवा होता की नाही? राग आला असता तर मी सुटलो असतो. तो उठला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. “भाऊ! माह्या पानासाठी येवढं केलं तू? बोलला नाही कधी! सांग ना मंग, कसं दिसते ते?”

सरांनी खडू पुढे केला. “लिहून दाखव त्याला.”

मी फळ्यावर सुनीलच्या चारही ओळी न थांबता लिहिल्या. एक टिंब चुकलं नाही.

“छान,” सर म्हणाले. “आता तुझा लिही.”

तिसऱ्या ओळीला माझा खडू थांबला.