भर पावसातला कौल

आईच्या पोटातली गाठ काढायची होती आणि आई अडून बसली होती. देवीचा कौल मिळाल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणार नाही, म्हणाली. ते देऊळ पोलादपूरच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या जंगलात, आणि दिवस भर आषाढाचे. डॉक्टर थांबायला तयार नव्हते, आई हलायला तयार नव्हती आणि मधल्यामध्ये माझी फरफट. कौलबिलावर माझा विश्वास नव्हता. तरी महाडहून पहिल्या गाडीने निघाले.

वाट कसली, नदीच वाटेवर आली होती. शेवाळावरून दोनदा आपटले, पायांना जळवा चिकटल्या, चष्म्यातून काही दिसेना. प्रत्येक वळणावर मी देवीला मनात विचारत होते, तुला रस्त्याकडेला राहायला काय झालं होतं?

देवळाशेजारीच राहणाऱ्या गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्या ओल्या हवेत पाकळ्या सुकतच नव्हत्या, मग पडणार कुठून? मी समोर कुडकुडत बसून राहिले. बाहेर नदीचा आवाज वाढत होता.

"बाय, आज ती काय बोलत नाय. पाणी चढतंय, तू निघ. उद्या ये," काका म्हणाले.

उद्या म्हणजे परत हीच वाट, आणि तोवर घरी आई तशीच. माझं डोकंच फिरलं. मनातल्या मनात देवीला म्हणाले, मी दमले. माझ्याने आता काही होणार नाही. आईला ठेवायची तर ठेव, न्यायची तर ने, पण एकदाचं सांगून टाक. आणि म्हणून गेल्यावर मला रडूच फुटलं.

तेवढ्यात वरच्या वाडीतली एक बाई दारात आली आणि तिने फाडकन छत्री मिटली. उजवी पाकळी खाली पडली.

"दिला गो कौल," काका म्हणाले.

वारा छत्रीचा होता की आणखी कशाचा, मी विचारलं नाही. त्या बाईला खालीच जायचं होतं. तिने माझं मनगट घट्ट धरून मला मांडीभर पाण्यातून पलीकडे नेलं. "पाण्याकडं बघू नको, माझ्याकडं बघ," एवढंच म्हणाली. तिचं नावही मी विचारलं नाही.

आईचं ऑपरेशन नीट झालं. शरण जायचं ते हात जोडून, शांत मनाने, असं मी समजत होते. माझं वैतागून झालं, आणि देवीने तेही चालवून घेतलं. तिचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आई अजून विचारते, "तू काय म्हणालीस गं तिला?" मी सांगत नाही. देवीनेही सांगितलेलं दिसत नाही.