कोळशाचा कण

सुट्टीत आम्ही बंगळूरहून नंदीच्या डोंगराकडे जायचो, ते वाफेच्या छोट्या गाडीनं. मला ती मेली कधीच आवडली नाही. नुसता धूर आणि काजळी! आमचे अप्पा मात्र हट्टानं खिडकीबाहेर डोकं काढायचे आणि कोळशाचा कण डोळ्यात गेला की आईकडे वळायचे. "स्वल्प आत बसा की हो," असं करवादत ती पदराचा बोळा करायची, त्यावर तोंडाची ऊब द्यायची आणि त्यांच्या डोळ्यावर धरायची.

पुढे गाडी बंद झाली, रूळही उखडले. आई गेली त्या वर्षी मी अप्पांना त्या ओसाड स्टेशनावर घेऊन गेले. रुळांच्या जागी वाढलेल्या गवताकडे बघता बघता ते डोळा चोळू लागले.

"कोळशाचा कण गेला वाटतं," म्हणाले.

मी पदराचा बोळा केला.