पोशेऱ्याच्या पुढची जपानी गाडी

शाळेत दोन मास्तर असले की किस्से साठतातच. एक घडवतो, दुसरा निस्तरतो. आमच्याकडे घडवायचं काम माझ्याकडे होतं आणि निस्तरायचं भोये गुरुजींकडे. ते मुख्याध्यापक, मी नवाकोरा शिक्षणसेवक. साल दोन हजार चार-पाचच्या आसपासचं.

मित्र मला विचारतात, मोखाड्यात रेल्वे नाही, मग तू रेल्वेचे किस्से आणतोस कुठून? अरे, रेल्वे होती की. पोशेऱ्याच्या पुढं, आमच्या पाड्यावर. दोन खोल्यांची, वर पत्रा. फक्त जपानी होती.

झालं काय, त्या वर्षी पावसाळ्यात वरून कागद आला. दिवाळीनंतर साहेब येऊन पोरं मोजणार. वीसच्या खाली भरली तर शाळा बंद, आणि पोरांनी नदीपलीकडच्या शाळेत जायचं. नदीला पूल नव्हता. कागदात पुलाचा उल्लेख नव्हता, पण नदीचाही नव्हता, त्यामुळं हिशोब बरोबर होता.

पावसाळ्यात आमच्याकडे सव्वीस पोरं. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, अख्खा पाडा वसईकडे वीटभट्टीवर जातो, आणि शाळेत उरतात चार.

गुरुजींनी पोरांना विचारलं, "भट्टीवर असं काय आहे रे, जायला एवढे खूश असता?"

पोरं म्हणाली, "तिथनं रेलगाडी दिसते."

तिसऱ्या दिवशी गुरुजी मला म्हणाले, "सर, आपण गाडी इथंच आणू. रंगकामाचे पैसे आलेत, त्यात बसेल."

*

गाडी रंगवायची तर नमुना पाहिजे. तो चालत आला.

वारली चित्रं बघायला जव्हारकडे आलेले एक जपानी आजोबा, ओकादा नावाचे. त्यांची जीप आमच्या पाड्याजवळ पंक्चर झाली म्हणून शाळेत पाणी प्यायला थांबले. सोबत दुभाष्या होता. त्याच्याकडून कळलं की आजोबांनी टोकियोच्या गाडीवर तीस वर्षं गार्डची नोकरी केलेली. जाताना त्यांनी पिशवीतून एक कॅलेंडर आणि एक इंग्रजी पुस्तिका काढून दिली.

कॅलेंडर मागच्या वर्षाचं होतं. बारा पानं, बारा फोटो, गाडी एकच. चंदेरी, मधून पोपटी पट्टा. जानेवारीत समोरून, फेब्रुवारीत बाजूनं, मार्चमध्ये पुन्हा समोरून.

खिचडी शिजवणाऱ्या जानीबाईनं सगळी पानं उलटून बघितली.

"ही तर बारा महिने उभीच," ती म्हणाली. "रस्ता आपल्यासारखाच असंल तिकडं."

*

मोखाड्याहून पेंटर आणला. माणूस प्रामाणिक. फोटोत जे दिसेल ते भिंतीवर, कमी नाही, जास्त नाही.

फोटोत गाडीच्या एका डब्याला एका बाजूनं सहा दारं होती. त्यानं भिंतीवर सहा दारं काढली. शाळेला खरं दार एकच.

फोटोत खिडकीतली सगळी माणसं बसल्या जागी झोपलेली होती. त्यानं झोपलेली माणसं काढली. गुरुजी म्हणाले, "शाळेवर झोपलेली माणसं नकोत हो. उद्या वर्तमानपत्रात येईल." पेंटरनं मान डोलावली आणि सगळ्यांना नुसते डोळे उघडे काढून दिले. मान तशीच पडलेली. तेव्हापासून आमच्या गाडीत एकवीस माणसं दचकून जागी झालेली आहेत.

रंग वाळायच्या आत साहेब आले. म्हणजे आमचे केंद्रप्रमुख, तेच पुढं मोजणीला येणार होते. मी आतून बघतोय तर साहेब तिसऱ्या दाराला खांदा लावून ढकलतायत.

"अहो सर, हे उघडत का नाही?"

मी म्हणालो, "साहेब, ते पुढच्या स्टेशनला उघडतं. या बाजूला प्लॅटफॉर्म नाही."

साहेब वळसा घालून मागच्या बाजूला गेले. तिकडेही सहा होती.

*

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी थापा मारतो. गाडी रंगवायच्या आधी मी जानीबाईला सांगितलेलं की सरकारनं मिठावर रेशन लावलंय, आणि शाळा तीन दिवस अळणी खिचडी खात होती. त्यामुळं ती इंग्रजी पुस्तिका मी वाचून दाखवायला लागलो तेव्हा मोठी पंचाईत झाली. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं, आणि सांगत मी होतो.

"ही गाडी गोल फिरते," मी सांगितलं. "जिथून निघते तिथंच तासाभरानं परत येते."

गुरुजी म्हणाले, "सर, निदान पोरांसमोर तरी नको."

"लिहिलंय हो गुरुजी."

"कोण बसेल असल्या गाडीत? पोचायचं कुठं?"

जानीबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थाप कशाला असंल? आमी नाय का, दिवाळीला निघतो नि पावसाच्या आदी हितंच येतो. आमचा घेर तेवडा मोटा."



*

त्या पुस्तिकेत असंही होतं की तिकडचे गार्ड आणि ड्रायव्हर प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतात. सिग्नलकडे बोट, "सिग्नल हिरवा." दाराकडे बोट, "दार बंद." एकटे असले तरी. चूक होत नाही म्हणे.

मी पोरांना शिकवलं. आठवड्यात पाडा बोटावर चालायला लागला. हंड्याकडे बोट, "हंडा भरला." कोंबडीकडे बोट, "कोंबडी आत." खिचडीच्या टोपाभोवती सव्वीस पोरं उभी राहायची, सव्वीस बोटं, "मीठ घातलं." जानीबाईला राग यायचा, पण मीठ पुन्हा कधी राहिलं नाही.

मग एक दिवस प्रार्थनेला गुरुजी समोर येऊन उभे राहिले. पोरांनी त्यांच्याकडे बघितलं. सव्वीस बोटं उठली.

"बटणं एक घर खाली."

गुरुजींनी शांतपणे शर्ट काढला, परत घातला आणि प्रार्थना सुरू केली. नंतर मला बोलावून म्हणाले, "पद्धत चांगली आहे. बंद करा."

*

साहेब पुन्हा आले ते दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. खुर्चीत बसले आणि भेटवहीत आल्याची वेळ लिहिली, दहा वाजता. ही त्यांची रीत. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "पोरं जमिनीवर का? बेंच कुठं आहेत?"

बेंच कधी आलेच नव्हते. मी तोंड उघडणार तेवढ्यात गुरुजी बोलले. आयुष्यात थाप न मारलेला माणूस.

"साहेब, या गाडीत सकाळी दहापर्यंत सीटा दुमडून ठेवतात. गर्दी असते ना, सगळ्यांनी उभंच राहायचं. पुस्तकात आहे."

साहेबांनी घड्याळात बघितलं. बारा वीस. मग वहीत बघितलं. दहा. मग गुरुजींकडे बघितलं. गुरुजी वहीकडेच बघत होते.

साहेबांनी शेरा लिहिला: "आसने दहानंतर उघडावीत."

तो शेरा अजून आहे. वर सही आहे.

*

गाडीच्या कपाळावर पेंटरनं फोटोतली दोन जपानी अक्षरं हुबेहूब उतरवली होती. डिसेंबरच्या पानावरची. कारण तिथं ती सगळ्यात मोठी दिसत होती.

साहेबांनी विचारलं, "काय लिहिलंय?"

मला कुठं माहीत. मी म्हणालो, "स्वागतम्."

साहेबांनी ते अहवालात घातलं. परदेशी भाषेतूनही स्वागत, उपक्रम स्तुत्य.

आम्ही शाळेचा फोटो ओकादा आजोबांना पाठवला. दोन महिन्यांनी इंग्रजीत पत्र आलं. फोटो बघून आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं, घरातल्या सगळ्यांना दाखवलेला, भिंतीवर लावलेला. शेवटी एक ओळ होती. ती दोन अक्षरं गाडी कारशेडला रिकामी चालली असेल तेव्हा लावतात. अर्थ असा, की ही गाडी प्रवाशांसाठी नाही, कृपया कोणी चढू नये.

मी गुरुजींना वाचून दाखवलं. बंद पडायला टेकलेली शाळा, आणि आम्हीच कपाळावर लिहून ठेवलेलं.

"पुसायचं का?" मी विचारलं.

गुरुजींनी बाहेर बघितलं. पोरं आत येत होती, एकमेकांना ढकलत.

"राहू द्या," ते म्हणाले. "चढतायत ना."

*

मग दिवाळी आली आणि गेली. मोजणी गुरुवारी ठरली. मुकादमाचा ट्रक सोमवारी.

शाळा अजून आहे, त्यामुळं शेवट काय झाला ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. गुरुवारी साहेबांनी पोरं मोजली ती चोवीस भरली. दोघं तापानं घरी होती. पण मला सांगायचाय तो सोमवार.

शनिवारी गुरुजी घरोघर फिरले. चार दिवस थांबा, एवढंच मागत होते. पोरांसाठी नाही म्हणायला कोणाला आवडत नव्हतं. पण ट्रक चुकला की भट्टीवरची जागा दुसऱ्या पाड्याला जाते.

जानीबाई म्हणाली, "थांबू आमी. पन मुकादमाला काय सांगू? तोंडी सांगितलेलं त्याला चालत नाय."

मी पुस्तिका काढली. शेवटच्या पानावर होतं, की तिकडं गाडीला पाच मिनिटं जरी उशीर झाला तरी रेल्वेवाले प्रवाशाच्या हातात दाखला देतात. त्यावर लिहिलेलं असतं, उशीर आमच्यामुळं झाला, या माणसाची चूक नाही. तो दाखला दाखवला की ऑफिसात कोणी बोलत नाही.

गुरुजींनी माझ्या हातातली पुस्तिका काढून घेतली, डिक्शनरी आणली, चष्मा पुसला आणि स्वतः वाचत बसले. दीड तासानं मान वर केली.

"आहे खरं," म्हणाले. मग थोडं थांबून, "म्हणजे ते गोल फिरणारंही?"

रविवारी शाळेच्या कागदावर अकरा घरांचे अकरा दाखले लिहिले. "दाखला देण्यात येतो की, सदर कुटुंब आमच्या गाडीत असून गाडीस चार दिवस उशीर झाल्याने ते वेळेवर पोचू शकत नाही. यात कुटुंबाची चूक नाही." खाली गुरुजींची सही आणि शाळेचा गोल शिक्का.

ते सही करत असताना मी विचारलं, "गुरुजी, खोटा दाखला?"

"यात खोटं काय आहे? उशीर तर होणारच आहे."

सोमवारी सकाळी ट्रक आला. मुकादम म्हणजे असा माणूस, की तो पाड्यात शिरला की कुत्रीसुद्धा दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसायची. इंजिन चालूच ठेवायला सांगून तो खाली उतरला. बोचकं बांधलेलं एकही घर दिसेना. जानीबाईनं पुढं होऊन कागद दिला. मग दुसऱ्यानं दिला. मग सगळ्यांनी.

त्यानं अकराही कागद वाचले. एकच मजकूर, पण अकराही वाचले.

"गाडी कंची?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी शाळेकडे बघितलं.

मुकादम शाळेपाशी आला. गाडीला एक पूर्ण फेरी मारली, सावकाश. एका खिडकीतल्या दचकलेल्या माणसासमोर जरा थांबला. गुरुजी खऱ्या दारात उभे होते, हातात खडू.

"दाखला तुमी दिला?"

"मी दिला."

"शिक्का?"

"शाळेचा आहे."

मुकादमानं मागं वळून ड्रायव्हरला हात केला. इंजिन बंद झालं. मग तो चपला काढून आत आला आणि पोरांच्या रांगेत खाली बसला.

"मग माझ्या नावाचा बी एक करा," म्हणाला. "शेठनं मला विचारलं तर मी काय दाखवू?"

गुरुजींनी कोरा कागद काढला आणि माझ्याकडे सरकवला. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. हसू दाबून विचारलं, "उशिराचं कारण काय टाकू?"

मुकादमानं दारातून बाहेर बघितलं. बंद ट्रक, खाली उतरत गेलेला रस्ता, त्यापुढं नुसता डोंगर.

"लिवा," तो म्हणाला. "सिग्नल मिळाला नाय."