काच तडकलेला फोन

टेबलावर वायरींनी जोडलेले फोन कुणी बोट न लावता आपापले चालत होते. माझ्या किराणा दुकानाच्या ॲपची चाचणी होती. प्रत्येक फोन साखर निवडून ऑर्डर देत होता. शेवटचा, काच तडकलेला, मी भांडून लावायला लावला होता. "शेठ, असल्या फोनवाली गिऱ्हाइकं सोडून द्या," ॲपवाला म्हणाला होता. ते अजून डोक्यातून जात नाही. त्याच गिऱ्हाइकांनी माझ्या हातगाडीचं दुकान केलं.

नव्या फोनांवर हिरवी खूण झटकन आली. जुना अडखळला. पदराची गाठ सोडणाऱ्या म्हातारीसमोर थांबावं, तसा मी थांबलो. मग त्याच्यावरही खूण उमटली आणि माझी छाती फुगली.

"झालं समाधान, शेठ?"

"अर्धं. यापुढे चाचणी ह्याच्यापासून सुरू करायची."